चौथ्या तोंडाभोवतीचं काळं कडं

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे फोटोबाई म्हणत. ती कामाला लागली तेव्हा हे नाव थट्टेत पडलं होतं, कारण कारखान्यात फोटो काढायला पगारी माणूस ठेवतात, हेच लोकांना गमतीचं वाटायचं. सत्तावीस वर्षांत थट्टा झिजून गेली आणि नाव तेवढं उरलं. नव्याने आलेल्यांना तेच तिचं खरं नाव वाटे. तीही ओ द्यायची. प्रत्येकाला दुरुस्त करत बसायला अंगात त्राण लागतं, आणि छपन्नाव्या वर्षी ते ती जपून वापरायची.

काच वितळवणारी भट्टी एखाद्या सभागृहाएवढी होती आणि ती वर्षानुवर्षं विझवत नसत. विझवली तर आतली काच थिजणार, विटा तडकणार, आणि पुन्हा पेटवायला महिने जाणार. त्यामुळे आत काय चाललंय ते बघायला कुणी आत जाऊ शकत नव्हतं. भिंतीत सात झरोके होते, मुठीएवढे. दर तीन महिन्यांनी फोटोबाईने अंगावर चकाकता कोट चढवायचा, डोक्यावर काचेचं झाकण घ्यायचं, पाण्याने थंड ठेवलेल्या लांब नळीत कॅमेरा बसवायचा आणि त्या झरोक्यांतून भट्टीच्या भिंतींचे फोटो काढायचे. कुठली वीट झिजली, कुठला सांधा उघडला, हे त्या फोटोंवरून भट्टीसाहेब ठरवत, आणि मग तिथे गवंडी जाई. एका झरोक्याला दहा मिनिटं लागत. सातवा होईपर्यंत कोटाच्या आत ती भिजून चिंब झालेली असे आणि पायातले गोळे हलायला तयार नसत.

आत भिंतीत ओळीने आठ तोंडं होती आणि प्रत्येक तोंडातून जाळ यायचा. खरी अडचण या जाळाची. तो एवढा लख्ख, की कॅमेरा विटांसाठी लावला तर जाळाचा नुसता पांढरा गोळा यायचा, आणि जाळासाठी लावला तर विटा काळ्याठिक्कर. इतकी वर्षं तिने दोन्ही प्रकारचे फोटो काढून शेजारी शेजारी चिकटवून दिले होते. गेल्या वर्षी नवा कॅमेरा आला. तो एका जागेवरून पाठोपाठ पाच फोटो घ्यायचा, कमी उजेडाचा ते जास्त उजेडाचा, आणि संगणक त्या पाचांचा एक करायचा. त्या एकात सगळं असे. विटेचा उजेड एक धरला तर जाळाचा तीन हजार, असा खरा आकडा प्रत्येक ठिपक्यापाशी नोंदलेला. पहिल्यांदा तो फोटो बघितला तेव्हा तिला खरंच बरं वाटलं होतं. कामात बरं वाटण्याची तिची सवय तोवर सुटली होती.

पण ते फोटो अवाढव्य. उघडायला तिच्याच संगणकाला मिनिटभर लागे. मुख्य कार्यालयाला तर अहवाल फोनवर वाचायचे होते. मग तिथला एक संगणकवाला एके दुपारी आला, तिच्या खुर्चीत बसला, तिचा चहाचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाला, “लहान करायची सगळ्यात धारदार पद्धत लावून देतोय. कडा अगदी रेखीव येतील. तुम्ही फक्त हे बटण दाबायचं.”

तिने बटण दाबलं. चार अहवाल तसे गेले. फोटो खरोखरच रेखीव येत होते आणि कुणाची तक्रार नव्हती.

चौथा अहवाल गेल्यावर दोन दिवसांनी भट्टीसाहेबांनी तिला वर बोलावलं. भट्टीसाहेब वाईट माणूस नव्हते. पंचेचाळिशीचे, डोळ्यांखाली कायमच्या पिशव्या, बोलणं हळू. भट्टी आपल्याच उशाशी आहे अशा बेताने ते झोपत असावेत. त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. भट्टीच्या चौथ्या तोंडाचा फोटो होता. जाळाच्या भोवती, तोंडाच्या विटेवर, एक काळं कडं दिसत होतं. बारीक, पण ठसठशीत.

“हे दिसतंय ना तुम्हाला?”

“दिसतंय.”

“तोंडाची वीट चिरत चाललीय. गोलाकार. ही चार महिन्यांपूर्वीच बसवली होती. फुगायला जागा ठेवली नसणार.” त्यांनी फोन पालथा ठेवला. “ओळंब्याने बसवलेली.”

ओळंबा म्हणजे भट्टीचा थोरला गवंडी. माणूस ओळंब्यासारखा सरळ उभा राहायचा आणि बोलायचाही तसाच, म्हणून हे नाव. पेटत्या भट्टीत वीट बदलणारे कारखान्यात दोघंच, त्यात जुना तो. एका तोंडाचा जाळ बंद करायचा, दोन-दोन मिनिटांच्या पाळ्यांनी पुढे जायचं, जुनी वीट ओढून काढायची, नवी सरकवायची, आणि हे सगळं शेजारची तोंडं धगधगत असताना. चौथं तोंड त्याने असं एका सकाळी बदललं होतं. नंतर दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं.

त्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. चौथ्या तोंडाचा जाळ निम्म्यावर आणला, म्हणून त्या बाजूची काच नीट वितळेना आणि बाटल्यांत बुडबुडे येऊ लागले. आणि ओळंब्याला चौकशी होईपर्यंत भट्टीवरून काढून विटांच्या कोठारात बसवलं. तिथे त्याने आल्या मालातल्या फुटक्या विटा वेगळ्या काढायच्या. हे काम नव्या माणसाला पहिल्या महिन्यात देतात.

चार दिवसांनी तो फोटोबाईच्या खोलीत आला. खोली म्हणजे जुनी अंधारखोली, अजून काळ्या रंगाची. त्याने दारातच पायाची धूळ झटकली.

“बाई, तो फोटो मला बघायचाय.”

तिने दाखवला. तो वाकला नाही, बसला नाही. हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिला.

“ही भेग नाही,” तो म्हणाला.

“मग काय आहे?”

“ते मला काय माहीत. पण ही वीट एकसंध असते. चौकोनी, मधे गोल भोक. ती चिरली तर भोकापासून कोपऱ्याकडे चिरते. नेहमी. कमजोर जागाच ती. भोकाभोवती अशी परकाराने काढल्यासारखी कधी चिरत नाही. तेहतीस वर्षांत मी नाही बघितली.”

फोटोबाईचे त्या दिवशी पाय ठणकत होते, आणि घरी ताईच्या औषधाची बाटली संपलेली होती, ती दुकान बंद व्हायच्या आत आणायची होती. शिवाय माणसं येऊन आपला फोटो आवडला नाही असं सांगतात, याचाही तिला कंटाळा होता.

“अहो, मी काढलेला फोटो आहे, हाताने रंगवलेलं चित्र नाही. आत जे होतं ते आलं. मी त्यात काही घालत नाही.”

“बरं,” ओळंबा म्हणाला, आणि गेला.

बसमधून घरी जाताना तिच्या मनात ते ‘बरं’ घोळत राहिलं. तो रागाने बोलला असता तर विसरता आलं असतं.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. ताई आठ वर्षांनी मोठी, जन्मभर शिलाई केलेली, आता गुडघ्यांनी बसवलेली. दोन जिने उतरून रस्त्यावर गेल्याला तिला पाच महिने झाले होते. खिडकीतून दिसतो तेवढा रस्ता तिच्या मालकीचा होता, आणि त्यावर कोण किती वाजता जातं याचा हिशोब तिच्याकडे पक्का असे. तिचा जन्म लोकांच्या अंगावर कापड बसवण्यात गेला होता, त्यामुळे कुठे काय बसत नाही हे तिला चटकन कळे.

“काय झालंय?” औषध घेता घेता ताईने विचारलं.

“काही नाही. दमले.”

“दमलीस ते रोजचंच. आज आणखी काही आहे.”

“काही नाही म्हटलं ना.”

ताईने विषय सोडला आणि समोरच्या दुकानदाराने पाटी बदलल्याची बातमी सांगितली.

पुढच्या आठवड्यात भट्टीसाहेबांचा निरोप आला. चौकशीच्या कागदांना चौथ्या तोंडाचा मोठा फोटो जोडायचाय, भेगेची रुंदी मोजता येईल असा. फोटोबाईने मूळचा अवाढव्य फोटो उघडायला लावला आणि तोवर चहा आणायला गेली. परत आली तर पडद्यावर चौथं तोंड भरून राहिलं होतं. जाळ, वीट, विटेचा खरबरीत पोत, कोपऱ्यातला सांधा. कडं कुठेच नव्हतं.

तिला वाटलं, चुकीचा फोटो उघडला. तिने तारीख बघितली, झरोक्याचा क्रमांक बघितला. बरोबर होता. लहान फोटो त्याच्याच शेजारी लावला. लहानात कडं होतं. मोठ्यात, त्याच जागी, स्वच्छ वीट होती. कप तिच्या हातातच राहिला.

मग तिने एक केलं. बटण दाबल्यावर फोटो आधी लहान होई आणि मग फोनसाठी साठवला जाई. तिने तो मधल्या पायरीवर थांबवला, आकडे अजून खरे असताना. बाणाची खूण काळ्या कड्यावर नेली आणि उजेडाचा आकडा वाचला. उणे चौदा.

ती खुर्चीत मागे टेकली. उजेड शून्य असू शकतो. पण शून्याच्याही खाली कसा जाईल? एवढा काळोख भट्टीत काय, कुठल्या तळघरातही नसतो. फोनसाठी साठवताना संगणक त्या उण्याचं शून्य करत होता, म्हणून कडं काजळासारखं काळं दिसत होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती जागची उठली नाही. तिने एक कोरं चित्र तयार केलं. सगळीकडे सारखा करडा रंग, उजेड एक. मध्ये एक गोल, उजेड तीन हजार. बाकी काही नाही. ना भट्टी, ना वीट, ना गवंडी. बटण दाबलं. गोलाभोवती काळं कडं उमटलं, आणि नीट बघितलं तर त्याच्याबाहेर एक पुसटसं उजळ कडं, आणि त्याच्याबाहेर आणखी एक काळं, केसाएवढं. मग तिने गोलाचा उजेड पाचवर आणून पुन्हा बटण दाबलं. कडं होतं, पण इतकं फिकं की शोधावं लागलं.

दुपारभर वाचून आणि आकडे ताडून तिला उलगडा झाला. फोटो लहान करायचा म्हणजे पुष्कळ ठिपक्यांचा एक ठिपका करायचा. धारदार पद्धत कडा रेखीव ठेवण्यासाठी नुसती सरासरी काढत नाही. ती जरा दूरच्या ठिपक्यांचा थोडासा उजेड वजा करते. शेजारी साधा पांढरा भिंतीचा तुकडा असेल तर हे वजा होणं नखाएवढं असतं, कुणाला दिसतही नाही. पण शेजारी तीन हजारांचा जाळ असेल तर त्याचा शेकडा अर्धा हिस्सा म्हणजेही पंधरा. एकाच्या विटेतून पंधरा वजा केल्यावर काय राहणार? जुन्या कॅमेऱ्यात जाळाचा उजेड पांढऱ्यापाशीच कापला जाई, म्हणून इतकी वर्षं हे घडलं नव्हतं. नवा कॅमेरा खरं तेवढं नोंदवत होता, आणि त्या खऱ्यातूनच खोटं कडं निघत होतं. आठही तोंडांभोवती ते होतं. चौथ्याचा जाळ सगळ्यांत मोठा, म्हणून तिथे ते आधी डोळ्यांत भरलं.

चार अहवाल. चारही तिच्या सहीचे.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. तशीच ताईच्या पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. ताईला ठिपके आणि उणे आकडे किती कळले कोण जाणे, पण गवंड्याचं पुरतं कळलं.

“म्हणजे तू त्याला हात हलवत परत पाठवलंस.”

“हो.”

“आणि तो बरोबर होता.”

“हो ग ताई.”

“आता?”

“नवीन फोटो देऊन जुने गुपचूप बदलता येतील. भेग वाढली नाही, थांबली, असं लिहिलं की चौकशी आपोआप विझेल. कुणाला कळणार नाही. दोन वर्षं राहिलीत माझी. आता चौकशीबिकशी मला झेपणार नाही.”

ताईने गुडघ्यावरची शाल नीट केली. “विझेल. पण त्याच्या नावावर ते राहीलच. वीट नीट बसवता आली नाही, नशिबाने टिकली. आणि तू रोज त्या फाटकातून आत जाणार, तोही जाणार.”

“माहितेय.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“विचारलं कुठे, सांगितलं नुसतं.”

“बरं, सांगितलंस. आता पर्स ठेव आणि तोंड धू. दमायचंच आहे तर बोलून दम.”

सकाळी फोटोबाई थेट भट्टीसाहेबांकडे गेली. तिने आधी मोठा फोटो दाखवला, मग लहान, मग ते करडं चित्र आणि त्यातलं कडं. भट्टीसाहेब एकेक जवळ ओढून बघत गेले. शेवटी त्यांनी करड्या चित्रातल्या कड्यावर बोट ठेवलं.

“इथे काही नाहीये.”

“काही नाहीये. मीच केलेलं कोरं चित्र आहे.”

“तरी भेग.”

“तरी भेग.”

ते उठून खिडकीपाशी गेले. खाली अंगणात बुडबुड्यांच्या बाटल्यांचे ढीग पडले होते, पुन्हा वितळवायला.

“मी वर कळवून बसलोय,” ते म्हणाले. “गवंडीकामातली चूक, असं लिहून.”

“चूक माझी आहे. तसं लिहा. मी सही करते.”

“तुमच्या एकटीची कशी? मोठा फोटो तुमच्यासारखा माझ्याकडेही होता. मी उघडलाच नाही. फोनवर बघितला, बसमध्ये.” त्यांनी डोळे चोळले. “एका न पडलेल्या भेगेसाठी दोन आठवडे जाळ निम्मा ठेवला. बरं. आधी हे कडं घालवा. मोठे फोटो कुणी उघडणार नाही, लहानच लागणार. ते धड असले पाहिजेत. मगच मी वर लिहितो, पुराव्यासकट.”

कडं घालवायला फोटोबाईला सहा दिवस लागले. आधी तिने लहान करायची साधी, मऊ पद्धत लावली. त्यात वजाबाकी नव्हतीच, म्हणून कडं गेलं. पण विटांचे सांधेही गेले. सगळी भिंत धुक्यात ठेवल्यासारखी झाली. ज्या कामासाठी फोटो काढायचा, तेच बुडालं. मग तिने जाळाचा उजेड आधीच कापून टाकला, तीन हजारांचा चार केला. कडं जवळजवळ गेलं, सांधे राहिले, पण जाळ सगळीकडे एकसारखा पांढरा झाला. त्या आकड्यांवरून भट्टीसाहेब कुठलं तोंड जास्त तापतंय ते काढत, ते आता निघेना. एक दिवस तिने उण्याचं नुसतं शून्य करून बघितलं आणि स्वतःशीच हसली. फोनसाठी साठवताना संगणक तेच तर करत होता.

चौथ्या दिवशी तिने उलटसुलट केलं. आधी मोठ्या फोटोतला उजेड दाबायचा, पण कापायचा नाही. लहान आकडे होते तसे ठेवायचे आणि मोठे जितके मोठे तितके जास्त आवळायचे, म्हणजे तीन हजार आठ-नवाच्या आसपास येतात आणि त्यांचा आपसातला क्रम तसाच राहतो. अशा आवळलेल्या फोटोला मग धारदार पद्धतीने लहान करायचं. तिथे वजाबाकी होते, पण आठातून, तीन हजारांतून नाही. आणि लहान झाल्यावर जेवढं आवळलं तेवढंच पुन्हा सैल करायचं. किती आवळायचं यात दोन दिवस गेले. फार आवळलं तर जाळाच्या कडा आतल्या बाजूला खचत आणि तोंड खऱ्यापेक्षा लहान दिसे. कमी आवळलं तर कडं डोकं वर काढी. शेवटी एका जागी दोन्ही सोसण्याइतकं झालं. कडं पूर्ण गेलं नाही. भिंग लावलं तर सावलीसारखं काहीतरी होतं. सांधे मात्र रेखीव होते, आणि बाणाची खूण कुठेही नेली तरी उणे आकडा येत नव्हता.

तिने अहवालाच्या तळाशी एक ओळ घातली. ‘या लहान फोटोंत जाळाचा भाग खऱ्यापेक्षा किंचित लहान आणि किंचित मंद दिसतो. शंका असल्यास मूळ फोटो बघावा.’ पुढे मुख्य कार्यालयाने दोनदा कळवलं की ही ओळ बरी दिसत नाही, काढावी. दोन्ही वेळा तिने उत्तर दिलं नाही आणि ओळ राहिली.

सहाव्या दिवशी ती आठही तोंडांचे नवे लहान फोटो तपासत होती. चौथं स्वच्छ. तिसरं स्वच्छ. दुसऱ्यापाशी ती थांबली. जिथे आतापर्यंत काळं कडं होतं त्या पट्ट्यात, भोकाच्या काठापासून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे, एक बारीक तिरकी रेघ जात होती. तिने मोठा फोटो उघडला. मिनिट गेलं. रेघ तिथेही होती. मागच्या अहवालाचा मोठा फोटो उघडला. तिथे ती नव्हती.

दुसरं तोंडही ओळंब्यानेच बसवलं होतं, दीड वर्षापूर्वी.

तिने तो फोटो लगेच वर पाठवला नाही. आधी कोठारात गेली. एवढं चालायचं तिच्या मनात नव्हतं, पण फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. ओळंबा एका पालथ्या पेटीवर बसून विटेवर हातोडीने टिचकी मारत होता आणि आवाज ऐकत होता. बद्द वाजली ती डावीकडे, खणखणीत वाजली ती उजवीकडे. तिला बघून तो उभा राहिला.

“बसा ना,” ती म्हणाली, आणि स्वतःच दुसऱ्या पेटीवर बसली. “तुम्ही म्हणालात ते खरं होतं. चौथ्यावर भेग नाही. फोटो लहान करताना माझ्याकडून कडं येत होतं. साहेबांना सांगितलंय. त्या दिवशी मी तुमचं ऐकायला हवं होतं.”

ओळंब्याने हातोडी खाली ठेवली. “ऐकून काय केलं असतंत? तुम्हाला तरी कुठे माहीत होतं.”

“मोठा फोटो उघडला असता. एक मिनिट लागतं.”

तिला वाटलं होतं, हे बोलून झाल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही, कारण अर्धंच बोलून झालं होतं. तिने छापलेला कागद पिशवीतून काढला.

“आणि हे दुसरं तोंड. हे आज दिसलं. हे मोठ्यातही आहे.”

त्याने कागद उजेडात धरला, लांब, मग जवळ. बोटाने रेघेवरून गेला, भोकापासून कोपऱ्यापर्यंत.

“ही खरी आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“साहेबांना दाखवलंत?”

“आधी तुमच्याकडे आले.”

“का?”

“मागे चौथ्याचं तुम्हाला सगळ्यांच्या शेवटी कळलं,” ती म्हणाली.

ओळंब्याने कागद पुन्हा उजेडाकडे फिरवला. कोठाराच्या दाराशी कुणीतरी विटांची गाडी उतरवून गेलं.

“वरची फट मी कमी ठेवली असेल,” तो शेवटी म्हणाला. “त्या दिवशी धग फार होती. घाई केली. आठवतं मला. दाखवा साहेबांना. मी बसवलेली आहे आणि चिरलीय, असंच सांगा.”

“सांगायलाच पाहिजे असं नाही. दीड वर्षात वीट आपलीआपणही चिरते.”

“चिरते. ही तशी नाही चिरली.” त्याने कागद घडी न करता तिला परत दिला. “नाहीतर चौथ्यावर मी जे बोललो त्याला काय अर्थ?”

भट्टीसाहेबांनी दोन्ही कागद एकत्र वर पाठवले. चौथ्याची नोंद मागे घेतली, दुसऱ्याची नवी केली. मुख्य कार्यालयातून उत्तर आलं ते दीड ओळीचं: पहिली बाब बंद करावी, दुसरीची दुरुस्ती करावी. माफीचा शब्द त्यात नव्हता, फोटोबाईच्या चुकीचाही नव्हता. संगणकवाल्याने फोन करून विचारलं, तुम्ही तो आवळून सैल करायचा प्रकार कसा बसवलात, आम्हाला बाकीच्या भट्ट्यांसाठी हवाय. तिने सगळे आकडे लिहून पाठवले. त्याने धन्यवादासोबत हसऱ्या चेहऱ्याची एक चकती पाठवली.

चौथ्या तोंडाचा जाळ पुन्हा पूर्ण सुरू झाला आणि बुडबुडे थांबले. ओळंबा कोठारातून परत आला. दुसरं तोंड त्यानेच बदलायचं ठरलं. दुसऱ्या कुणाला देऊ का, असं साहेबांनी विचारलं होतं. नको, माझी आहे, असं तो म्हणाला.

ज्या सकाळी ते काम होतं, त्या सकाळी फोटोबाईला भट्टीपाशी काही काम नव्हतं. तरी ती खाली गेली आणि खांबाच्या आडोशाला उभी राहिली. दोन मिनिटं पुढे, चार मिनिटं मागे, अशा अकरा पाळ्या झाल्या. चिरलेली वीट बाहेर आली तेव्हा ती लाल होती आणि जमिनीवर टाकल्यावर हळूहळू करडी होत गेली. नवी सरकवताना ओळंबा एका जागी थांबला, मागे आला, पट्टी घेऊन पुन्हा पुढे गेला आणि वरची फट मोजली. बाकीचे ओरडून त्याला मागे बोलावत होते. त्याने घाई केली नाही.

शेवटी तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. चेहरा शिजल्यासारखा झाला होता. फोटोबाईने पाण्याची बाटली नेऊन दिली. त्याने अर्धी डोक्यावर ओतली, अर्धी प्यायला.

“कशी बसली?” तिने विचारलं.

“मला काय विचारता? तुम्ही फोटो काढा, मग कळेल.”

“फोटोला अजून दीड महिना आहे.”

“मग दीड महिना निवांत,” ओळंबा म्हणाला, आणि डोळे मिटले. तीही शेजारच्या पायरीवर बसली. उठायची दोघांनाही घाई नव्हती.